पॅच शाबूत, कडेला पुन्हा तडा: खाडीपुलांवर गंज परत का येतो आणि तो कसा थांबवायचा

लक्षण ठरलेलं असतं. पियर कॅपच्या (खांबाच्या माथ्यावरचा आडवा भाग) खालच्या अंगाला किंवा गर्डरच्या (पुलाची मुख्य तुळई) तळाला कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, सुटतं आणि गंजलेली सळई उघडी पडते. ठेकेदार सुटं काँक्रीट काढतो, सळई तारेच्या ब्रशने घासतो, पॉलिमर मॉर्टर भरतो, वरून रंग मारतो. दोन-तीन पावसाळे जातात. पॅच जागच्या जागी घट्ट असतो, पण त्याच्या कडेपासून वीतभर अंतरावर सळईच्या रेषेत तांबूस डाग उमटतो, मग बारीक तडा जातो, मग नवा पोपडा सुटतो. पुन्हा निविदा निघते आणि आधीपेक्षा मोठा पॅच मारला जातो. ठाण्याची खाडी, वसईची खाडी, माहीमची खाडी, वांद्रे-वरळीचा किनारा, जिथे खारं पाणी किंवा खारा वारा आहे तिथे हे चक्र पाहायला मिळतं.

अशा वेळी ठपका बहुधा भरलेल्या मालावर येतो. पण माल वाईट असता तर पॅच स्वतः सुटला असता. पॅच टिकला आणि शेजार फुटला, तर निदान वेगळं आहे.

पॅच भरल्यावर नेमकं काय बदलतं

चांगल्या काँक्रीटच्या छिद्रांतलं पाणी अतिशय अल्कधर्मी असतं, पीएच १२.५ ते १३. त्यामुळे सळईवर ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि तोच तिला गंजापासून राखतो. मिठातलं क्लोराइड पुरेसं साचलं की हा थर जागोजागी फुटतो. फुटलेल्या जागी लोखंड विरघळायला लागतं. ती जागा ॲनोड. त्याच सळईचा शेजारचा भाग कॅथोड होतो आणि जोवर ॲनोड जिवंत आहे तोवर हा शेजार गंजापासून वाचतो. म्हणजे शेजारच्या काँक्रीटमध्येही क्लोराइड भरपूर असतं, फक्त गंजलेला भाग स्वतः झिजून त्याला सांभाळत असतो.

आपण नेमका तोच गंजलेला भाग साफ करून त्याच्याभोवती ताजं, क्लोराइड नसलेलं मॉर्टर भरतो. आता तो भाग कॅथोड होतो आणि कडेचा जुन्या काँक्रीटमधला भाग नवा ॲनोड होतो. तडा पॅचभोवती कड्यासारखा येतो तो यामुळे. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट असतं, म्हणून कव्हर फुटायला सळई फार झिजावी लागत नाही. मिलिमीटरचा दहावा भागही झिजायच्या आत तडा दिसू शकतो. हे एका अर्थी बरंच आहे, कारण पहिल्या तड्याला धावलं तर सळईची ताकद बहुतेक शिल्लक असते.

यातून कामाचा एकच नियम निघतो: किती तोडायचं हे डोळ्यांना दिसणाऱ्या पोपड्यावरून ठरवायचं नाही, सळईच्या खोलीवर किती क्लोराइड आहे त्यावरून ठरवायचं.

तोडण्याआधी काय मोजायचं

सुरुवात हातोडीने. संपूर्ण पृष्ठभागावर ठोकत जा आणि पोकळ आवाज आला की खडूने रेघ मारा. पोकळ भाग नेहमी दिसणाऱ्या तड्याच्या बराच पुढे जातो. मग कव्हर मीटर फिरवून सळयांच्या जागा आणि कव्हर नकाशावर घ्या. ५० मिलिमीटरचं कव्हर नकाशात असतं, प्रत्यक्षात एकाच गर्डरवर २५ ही सापडतं आणि ७० ही. सगळ्यात आधी फुटलेल्या जागा आणि सगळ्यात कमी कव्हरच्या जागा जुळतात का ते पाहा. जुळल्या तर निम्मं उत्तर हातात आलं.

पुढे हाफ सेल पोटेन्शियल, म्हणजे सळईचा विद्युतदाब मोजून गंजाचा अंदाज घेणारी चाचणी. एका ठिकाणी सळई उघडी करून मीटरची तार जोडायची, पृष्ठभाग ओला करून ५०० मिलिमीटरच्या चौकटीत वाचन घ्यायचं. कॉपर-कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडवर उणे २०० मिलिव्होल्टपेक्षा कमी ऋण असेल तर गंज नसण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर, उणे ३५० पेक्षा जास्त ऋण असेल तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर, मधल्या पट्ट्यात काहीच ठामपणे सांगता येत नाही. इथे दोन सावधगिऱ्या आवश्यक आहेत. पहिली, वेगवेगळ्या सळया एकमेकींशी विजेच्या दृष्टीने जोडलेल्या आहेत का ते आधी तपासा, नाहीतर अर्धा नकाशा खोटा येतो. दुसरी, भरतीच्या पट्ट्यातलं सतत भिजलेलं काँक्रीट उणे ६०० किंवा त्याहून ऋण आकडे दाखवतं, आणि तरीही तिथे गंज फारसा नसतो, कारण तिथवर प्राणवायू पोहोचत नाही. म्हणून खाडीतल्या खांबांवर सुट्या आकड्याऐवजी उतार वाचा: कमी अंतरात आकडा एकदम बदलतो ती जागा संशयाची. इपॉक्सी लेप दिलेल्या सळया असतील तर या चाचणीवर विसंबू नका.

रेझिस्टिव्हिटी (काँक्रीट विजेला किती अडवतं) मोजायची चाचणी चार टोकांच्या प्रोबने पटकन होते. ५ किलोओहम-सेंटिमीटरच्या खाली गंजाचा वेग फार जास्त, ५ ते १० मध्ये जास्त, २० च्या वर कमी. यावरून कुठली जागा आधी हातात घ्यायची ते ठरतं.

सगळ्यात महत्त्वाची चाचणी मात्र काँक्रीटच्या भुकटीतल्या क्लोराइडची, आणि खर्च वाचवायला तीच गाळली जाते. २० मिलिमीटरच्या बिटने भोक पाडायचं, वरचे ५ मिलिमीटर टाकून द्यायचे, मग ५ ते २०, २० ते ३५, ३५ ते ५०, ५० ते ६५ अशा थरांची भुकटी वेगवेगळ्या पिशवीत घ्यायची. खडीच्या तुकड्यामुळे एका भोकाचा आकडा फसवा येतो, म्हणून शेजारी शेजारी तीन भोकांची एकाच खोलीची भुकटी एकत्र करा. दोन थरांच्या मध्ये भोक फुंकून साफ केलं नाही तर वरचं मीठ खालच्या नमुन्यात जातं आणि पुढचं सगळं निदान चुकतं. नमुने फुटलेल्या जागेपेक्षा तिच्या शेजारच्या, अजून चांगल्या दिसणाऱ्या काँक्रीटमधून जास्त घ्या. निर्णय त्या काँक्रीटबद्दल घ्यायचा आहे.

अहवाल वाचताना होणारी सहा पटींची गफलत

प्रयोगशाळा क्लोराइडचा आकडा बहुधा काँक्रीटच्या वजनाच्या टक्क्यांत देते. गंज सुरू होण्याची सर्वसाधारण धरली जाणारी मर्यादा, ०.४ टक्के, ही सिमेंटच्या वजनावर असते. घनमीटरला ४०० किलो सिमेंट आणि २४०० किलो काँक्रीट धरलं तर सिमेंट एक षष्ठांश, म्हणजे तीच मर्यादा काँक्रीटच्या वजनावर सुमारे ०.०६७ टक्के होते. जुन्या पुलात सिमेंट ३५० किलो असेल तर ०.०५८. अहवालात ०.१२ वाचून "०.४ च्या खूप खाली आहे" असं म्हणून फाइल बंद झाली, तर प्रत्यक्षात मर्यादेच्या जवळपास दुप्पट क्लोराइड असलेल्या काँक्रीटला आपण ठणठणीत ठरवलेलं असतं. प्रत्येक अहवालावर टक्केवारी कशाच्या वजनावर आहे हे लिहून घ्याच. ०.४ ही काही काटेकोर सीमारेषा नाही. कमी कव्हर, कार्बोनेशन (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरणं) किंवा निकृष्ट काँक्रीट असेल तर त्याच्या निम्म्यावरही गंज सुरू होतो.

मीठ बाहेरून आलं की आतच होतं

आता त्या चार थरांचे आकडे शेजारी मांडा. समजा काँक्रीटच्या वजनावर ०.२५, ०.१४, ०.०८, ०.०३ असे उतरते आकडे आले, तर मीठ बाहेरून आत शिरतंय. सळई ४० मिलिमीटरवर असेल तर ती मर्यादा ओलांडलेल्या थरात सापडली आहे, ५० च्या पुढे काँक्रीट अजून चांगलं आहे, आणि दुरुस्तीला अर्थ आहे.

पण आकडे ०.०९, ०.०८, ०.०९, ०.०८ असे सपाट आले तर मीठ बांधकामाच्या दिवशीच मिसळलं गेलंय. मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात एकेकाळी खाडीतून काढलेली रेती सर्रास वापरली जायची, आणि ती गोड्या पाण्याने नीट धुतलेली नसली की क्लोराइड थेट मिक्सरमध्ये जायचं. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं किंवा बोअरवेलचं मचूळ पाणीही हेच करतं. अशा पुलावर कितीही नीट पॅच मारा, उरलेलं सगळं काँक्रीट दूषितच राहतं. तिथे मार्ग दोन: बाहेरून वीज देऊन कॅथोडिक संरक्षण (सगळी सळई कॅथोड करून गंज थांबवणं), किंवा तो भाग बदलणं. पॅचचं काम घेण्याआधी हे मालकाला लेखी कळवलं पाहिजे, कारण नंतर पॅच फुटल्यावर दोष कामावर येतो.

तिसरी शक्यता शहराच्या आतल्या उड्डाणपुलांवर जास्त दिसते. क्लोराइड कमी, पण हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरून पीएच ९ च्या आसपास उतरलेला. ताज्या तोडलेल्या काँक्रीटवर एक टक्का फिनॉल्फ्थॅलिन फवारा. गुलाबी झालं तो भाग अजून अल्कधर्मी, रंग चढला नाही तो कार्बोनेट झालेला. तोडलेला तुकडा पाण्याने धुऊ नका, फुंकून धूळ काढा. अशा पुलांवर पाण्याची वाट आधी शोधा. एक्स्पान्शन जॉइंटचं (गाळ्यांमधला, हालचालीला जागा देणारा सांधा) रबर फाटलेलं असतं, किंवा पाण्याचा पाइप इतका आखूड असतो की चार महिने सगळं पाणी पियर कॅपवर आणि गर्डरच्या टोकांवर पडतं. जॉइंट बदलल्याशिवाय आणि पाइप गर्डरच्या तळाच्या खाली उतरवल्याशिवाय तिथे दुरुस्तीला हात लावणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं आहे. जॉइंट निवडतानाही हालचालीचा हिशोब करा: ४० मीटरच्या गाळ्यात ३० अंश तापमानफरकाला १४ मिलिमीटरच्या वर हालचाल होते, शिवाय आकुंचन आणि क्रीप (सततच्या भाराखाली हळूहळू होणारा आकारबदल) वेगळे.

किनाऱ्यावर एक गोष्ट उलटी वाटते पण खरी आहे. पाऊस पडणाऱ्या वरच्या पृष्ठभागापेक्षा गर्डरच्या तळाला मीठ जास्त साचतं, कारण तिथलं मीठ पाऊस धुऊन नेत नाही. पाहणी करताना समुद्राकडच्या कडेच्या गर्डरचा तळ आधी पाहा.

तोडणं, साफ करणं, भरणं

तोडण्याआधी डिझायनरकडून दोन गोष्टी लेखी घ्या: एका वेळी किती लांबीत तोडता येईल आणि कुठे टेकू द्यावे लागतील. मुख्य सळईच्या मागचं काँक्रीट काढलं की तिथे तिची पकड जाते. बेअरिंगच्या (गर्डर ज्यावर टेकतो तो आधार) वर आणि सळया जोडलेल्या जागी हे फार धोक्याचं असतं.

१. पॅचची कड कटरने सरळ चौकोनी कापा, खोली साधारण १० मिलिमीटर. कड निमुळती ठेवली की तिथला पातळ थर वाळून उचकटतो. कापताना पाती सळईला लागणार नाही इतकं कव्हर आहे का ते आधी पाहा.

२. हलकी ब्रेकर मशिन वापरा. जड ब्रेकर राहिलेल्या काँक्रीटमध्ये केसाएवढे तडे पाडतो आणि पुढे पॅच त्याच थरातून सुटतो.

३. गंजलेल्या सळईच्या मागे किमान २० ते २५ मिलिमीटर मोकळी जागा करा. अर्धी सळई जुन्या, अर्धी नव्या काँक्रीटमध्ये ठेवणं म्हणजे तिथेच नवा ॲनोड तयार करणं. लांबीत गंज संपतो तिथून पुढे ५० ते १०० मिलिमीटर स्वच्छ सळई दिसेपर्यंत जा.

४. सळई वाळूच्या किंवा ग्रिटच्या माऱ्याने पांढऱ्या धातूच्या जवळ येईपर्यंत साफ करा. तारेचा ब्रश वरचा गंज काढतो, खड्ड्यांतलं मीठ तसंच ठेवतो. त्यानंतर उच्च दाबाच्या गोड्या पाण्याने धुवा.

५. व्हर्नियरने व्यास मोजा. व्यास १० टक्के घटला की क्षेत्रफळ १९ टक्के घटतं. २५ ची सळई २२ झाली तर जवळपास २३ टक्के लोखंड गेलेलं असतं. नवी सळई जोडायची की नाही हा निर्णय डिझायनरचा, पण त्याला खरे आकडे द्यायचं काम साइटचं.

६. जुना पृष्ठभाग आदल्या दिवसापासून भिजत ठेवा, भरताना तो आतून ओला आणि वरून कोरडा हवा. पाणी साचलेलं नको, तहानलेलं काँक्रीटही नको, ते मॉर्टरचं पाणी ओढून घेतं. इपॉक्सी बाँड कोट वापरत असाल तर तो चिकट असेपर्यंतच भरा. मे महिन्याच्या दुपारी तो लवकर सुकतो, आणि सुकलेला इपॉक्सी चिकटवायच्या ऐवजी दोन थर वेगळे करतो.

भरतीच्या पट्ट्यात यातली चौथी आणि सहावी पायरी एकमेकींपासून तुटतात, आणि मुंबईतली कित्येक कामं तिथेच फसतात. ओहोटीला सळई चकचकीत साफ होते, सहा तासांनी भरती येते, खारं पाणी त्या साफ सळईवरून फिरतं, दुसऱ्या ओहोटीला माल भरला जातो. अहवालात सगळ्या पायऱ्या झालेल्या असतात आणि पॅचच्या आत मीठ मात्र आपणच कोंडलेलं असतं. लागोपाठच्या भरतीत साधारण साडेबारा तासांचं अंतर असतं आणि पट्टा उघडा असण्याची वेळ तीन-चार तासांची. म्हणून एका ओहोटीत साफ, धुणं आणि भरणं होईल एवढाच तुकडा घ्या, किंवा खांबाभोवती पाणी अडवणारं जॅकेट लावून आत कोरडं काम करा. जॅकेटचा खर्च जास्त वाटतो, पण तीन वर्षांनी पुन्हा मचाण बांधण्याच्या खर्चाशी त्याची तुलना करा. कामाचा आराखडा कॅलेंडरऐवजी भरतीच्या वेळापत्रकावर बांधावा, आणि लहान भरतीच्या दिवसांत पट्टा जास्त वेळ उघडा राहतो की कमी हे त्या पातळीनुसार आधी काढून ठेवावं.

माल कोणता हे खोलीवर ठरतं. ५० मिलिमीटरपर्यंत पॉलिमर मॉर्टर, एका थरात २० मिलिमीटरपेक्षा जास्त नाही. त्याहून खोल असेल तर शटरिंग लावून मायक्रोकाँक्रीट (बारीक खडीचं, सहज वाहणारं काँक्रीट) ओतावं, १०० च्या पुढे त्यात १० मिलिमीटरखालची धुतलेली खडी उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात मिसळावी. जास्त ताकदीचा माल म्हणजे जास्त चांगला, हा समज सोडून द्यावा. मूळ काँक्रीट एम३० (३० मेगापास्कल ताकदीचं) असताना ८० मेगापास्कलचा माल भरला तर त्यात सिमेंट जास्त, म्हणून बहुधा आकुंचनही जास्त. ६०० मायक्रोस्ट्रेन (लांबीच्या दहा लाखांत ६०० भाग) आकुंचन ऐकायला किरकोळ वाटतं, पण दोन मीटरच्या पॅचमध्ये ते १.२ मिलिमीटर होतं आणि तो ताण कडेवर येतो. खरेदीच्या वेळी ताकदीच्या आधी आकुंचन आणि स्थितिस्थापकता विचारा. पाणी मापट्याने मोजूनच घाला. २५ किलोच्या पिशवीला ३.५ लिटर सांगितलं असेल आणि अर्धा लिटर जादा पडलं, तर १४ टक्क्यांचं १६ टक्के होतं. माल सहज वाहतो, कामगार खूश होतात, आणि पॅच वाळताना फुटतो.

कडेच्या जुन्या काँक्रीटमध्ये मीठ उरणारच असेल, आणि बहुतेक वेळा उरतंच, तर जस्ताचे ॲनोड बसवा. सळईच्या नव्या ॲनोडच्या जागी हे जस्त झिजतं. जागा महत्त्वाची आहे: पॅचच्या कडेपासून १०० मिलिमीटरच्या आत, घेराभोवती लोखंडाच्या दाटीनुसार ३०० ते ६०० मिलिमीटर अंतराने. मधोमध टांगलेल्या ॲनोडचा उपयोग नगण्य, कारण धोका कडेला आहे. तार सळईला घट्ट पिळून मीटरने तपासा, रोध एक ओहमच्या आत हवा. ज्या पॅचमध्ये जस्ताचे ॲनोड आहेत तिथे सळईवर इपॉक्सी लेप देऊ नका आणि ॲनोडभोवती विजेला जास्त अडवणारा माल भरू नका, दोन्ही गोष्टी जस्ताचा मार्ग बंद करतात.

भरल्यानंतर लगेच क्युरिंग कंपाउंड किंवा ओलं गोणपाट, किमान सात दिवस. गोणपाटावर टँकरचं पाणी मारत असाल तर त्यातलं क्लोराइड तपासून घ्या. आरसीसीच्या मिश्रणाच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, क्युरिंगलाही तीच धरावी. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड लिटरला सुमारे १९ ग्रॅम असतं, त्यामुळे थोडंसं मचूळ पाणीही ही मर्यादा सहज ओलांडतं. वरच्या लेपात सिलेन (आत मुरून पाणी झटकणारं रसायन) उत्तम, पण ते कोरड्या काँक्रीटमध्येच शिरतं; नोव्हेंबर ते मे हीच त्याची वेळ. ओल्या, मीठ भरलेल्या काँक्रीटवर श्वास न घेणारा जाड लेप देऊ नका.

नव्या कामात हीच वेळ का येते

गंजाची मुळं पूल ओतण्याच्या दिवशी पडतात. "क्यूब तर पास झालेत ना" हे वाक्य साइटवर रोज ऐकू येतं, पण क्यूब, म्हणजे ताकद तपासायला ओतलेला काँक्रीटचा ठोकळा, कव्हरबद्दल काहीच सांगत नाही. क्यूब २७ अंशांच्या पाण्याच्या टाकीत २८ दिवस सुखात असतो. गर्डरचं कव्हर दुसऱ्या दिवशी शटरिंग निघाल्यापासून खाऱ्या वाऱ्यात वाळत असतं. ताकद गाभ्यातून येते, टिकाऊपणा त्या वरच्या ५० मिलिमीटरमधून.

पुलांसाठीच्या आयआरसी ११२ या मानकात (इंडियन रोड्स काँग्रेसच्या) अतितीव्र परिस्थितीला पाणी-सिमेंट प्रमाण ०.४०, सिमेंट किमान ३८० किलो, एम४०, कव्हर ५०, आणि भरतीच्या पट्ट्यासारख्या टोकाच्या परिस्थितीला ०.३५, ४०० किलो, एम४५, कव्हर ७५ असं दिलं आहे. या आकड्यांत थोडीशी ढिलाई काय करते ते पाहा. घनमीटरला ४०० किलो सिमेंट आणि १६० लिटर पाणी, म्हणजे ०.४०. ट्रान्झिट मिक्सर वाहतुकीत अडकला, स्लंप (ओल्या काँक्रीटचा वाहतेपणा) पडला, सहा घनमीटरच्या गाडीत १०० लिटर पाणी सोडलं. प्रमाण झालं ०.४४. क्यूब कदाचित तरीही पास होतील, कारण मिश्रणात ताकदीची गंगाजळी असते. छिद्रं मात्र वाढली ती कायमची. गाडी उशिरा येणार हे मुंबईत गृहीतच आहे, म्हणून रिटार्डरचा (काँक्रीट घट्ट होणं लांबवणारं रसायन) डोस त्या प्रवासाला धरून चाचणी मिश्रणात ठरवा, आणि साइटवर स्लंप वाढवायचाच असेल तर मिश्रणातल्याच प्लास्टिसायझरने (पाणी न वाढवता वाहतेपणा वाढवणारं रसायन), मोजून.

कव्हरचं गणित याहून कडक आहे. क्लोराइड सळईपर्यंत पोहोचण्याचा काळ ढोबळमानाने कव्हरच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ५० चं ४० झालं तर काळ ६४ टक्क्यांवर येतो. ५० चं २५ झालं तर एक चतुर्थांशावर. साइटवर पाडलेले कच्चे सिमेंट-रेतीचे कव्हर ब्लॉक इथे दुहेरी घात करतात: दबून कव्हर कमी करतात आणि स्वतःच पाण्याची वाट होतात. ब्लॉक पुलाच्याच दर्जाच्या काँक्रीटचे घ्या, बांधणीची तार आतल्या बाजूला वळवा, आणि शटरिंग काढल्यावर आठवड्याच्या आत कव्हर मीटर फिरवा, कारण त्या वेळी चूक सुधारायला ठेकेदार अजून जागेवर असतो.

स्लॅग सिमेंट (लोखंडाच्या भट्टीची मळी दळून मिसळलेलं) खाऱ्या हवेत फार चांगलं काम करतं. ५० ते ७० टक्के स्लॅगने छिद्रं बारीक होतात आणि काही क्लोराइड सिमेंटमध्येच बांधलं जातं. मोठ्या पाइल कॅपमध्ये उष्णताही कमी निघते. पण त्याला क्युरिंग जास्त लागतं, किमान चौदा दिवस, आणि सुरुवातीची ताकद हळू येते, म्हणून ओपीसीच्या (साधं पोर्टलंड सिमेंट) सवयीने शटरिंग काढू नका. क्लोराइड पारगम्यतेची चाचणी, ६० व्होल्टवर सहा तासांची, स्लॅग काँक्रीटसाठी २८ ऐवजी ५६ दिवसांनी करा. तेवढ्या वेळात नमुन्यातून वाहिलेली वीज ४००० कूलंबच्या वर गेली तर पारगम्यता जास्त, १००० च्या खाली फार कमी. खाडीच्या कामाला १००० च्या खालीच मागावं. नमुने शक्य असतील तर प्रत्यक्ष साइटसारख्याच क्युरिंगमध्ये ठेवलेल्या ब्लॉकमधून काढा.

जिथे पॅचला हात लावायचा नाही

प्रीस्ट्रेस गर्डरवर (ज्यात ताणलेल्या पोलादी केबल असतात) डाग डक्टच्या (केबलची नळी) रेषेत, अँकरेजजवळ (केबलचं टोक पकडून ठेवणारा भाग) किंवा गर्डरच्या टोकाला दिसला तर ब्रेकर बंद ठेवा. केबल सतत मोठ्या ताणाखाली असते, तिथला गंज फुगवटा न दाखवताही तार तोडू शकतो, आणि धातूच्या डक्टमधल्या केबलबद्दल हाफ सेल काही सांगत नाही. डक्टमध्ये ग्राउट (सिमेंटचा पातळ घोळ) अर्धवट भरलेला असेल तर वरच्या पोकळीत पाणी आणि हवा दोन्ही असतात. गोव्याचा मांडवीवरचा पूल जुलै १९८६ मध्ये कोसळला, बांधून जेमतेम दीड दशक झालेलं असताना, आणि त्यामागे प्रीस्ट्रेस पोलादाचा गंज होता. ठाणे खाडीवरच्या पहिल्या पुलालाही केबलच्या गंजामुळे बाहेरून प्रीस्ट्रेस देऊन आधार द्यावा लागला. अशा ठिकाणी जड वाहनांवर मर्यादा, डिझायनरची पाहणी आणि ठरावीक जागी डक्ट काळजीपूर्वक उघडून केबल पाहणं, हाच क्रम.

दुरुस्तीनंतरची नोंद

काम संपल्यावर पॅचवर काही ठिकाणी ५० मिलिमीटरची चकती चिकटवून ओढून पाहा, १.५ मेगापास्कलच्या खाली सुटली तर कुठल्या थरातून सुटली ते लिहा. जुन्या काँक्रीटमधून सुटली तर तोडणं कमी पडलंय, सांध्यातून सुटली तर पृष्ठभागाची तयारी. पॅचच्या बाहेर ५०० मिलिमीटरपर्यंतच्या पट्ट्यात हाफ सेलची नोंद पहिल्या दिवशी, मग दरवर्षी पावसाळ्याआधी मेमध्ये आणि नंतर नोव्हेंबरमध्ये, त्याच बिंदूंवर घ्या. बिंदू कायमच्या रंगाने आखून ठेवा. जस्ताचे ॲनोड असतील तर हाफ सेलचा उणे ३५० मिलिव्होल्टचा निकष तिथे लागू नाही, तिथे एखाद्या ॲनोडची तार बाहेर काढून ठेवा आणि प्रवाह मोजा. पट्ट्यातला आकडा दोन लागोपाठच्या नोंदींत १०० मिलिव्होल्टहून जास्त ऋण सरकला तर तडा यायची वाट न पाहता त्या जागी पुन्हा भुकटीचे नमुने काढा.